क़ायदा: हिंदीत रीत, मराठीत कलम

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका भाषांतरकार ताईंनी हिंदी कादंबरीतलं एक वाक्य पाठवलं आहे. सासू नव्या सुनेला सांगते, "हमारे यहाँ का क़ायदा है, बहू पहले बड़ों को परोसती है." ताईंनी लिहिलं, "आमच्या घरचा कायदा आहे." संपादकांनी 'कायदा' खोडून 'नियम' केला. आता ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: या हिंदी शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि 'क़ायदे-आज़म' किंवा 'अल-क़ायदा' यांच्याशी त्याचं काही नातं आहे का.

हिंदीतून मराठीत कागद उतरवण्याचं काम मी अठ्ठावीस वर्षं केलं. त्यात जबाब होते, करारनामे होते, चौकशी अहवाल होते, मधूनमधून कथाही. या एका शब्दाने माझ्याकडून जितक्या चुका करून घेतल्या तितक्या कुठल्याही अवघड शब्दाने घेतल्या नाहीत. अवघड शब्दापाशी आपण थांबतो, कोश उघडतो. 'कायदा' तर घरचाच वाटतो, तिथे कोण थांबणार?

आधी मूळ पाहू. शब्द अरबी आहे. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. या शब्दाचा सांगाडा क़ाफ़, ऐन, दाल असा आहे आणि त्याचा अर्थ बसणे. 'क़अद' म्हणजे तो बसला. त्यापासून 'क़ाइदा' म्हणजे बसलेली, खाली टेकलेली वस्तू. म्हणून पाया, जोतं, खांबाची बैठक. कुराणात दुसऱ्या अध्यायात इब्राहिम आणि इस्माइल काबागृहाचा पाया उचलतात तो प्रसंग आहे. तिथे पायासाठी याच शब्दाचं अनेकवचन आलं आहे, 'क़वाइद'. भूमितीत त्रिकोणाच्या पायालाही अरबी-फारसीत हाच शब्द. पाया या अर्थाकडून पुढची पायरी सरळ आहे: ज्याच्यावर बाकीचं सगळं उभं राहतं ते तत्त्व, ते सूत्र, तो नियम.

हे परकं वाटत असेल तर आपली 'बैठक' आठवा. "त्यांच्या लेखनाला तात्त्विक बैठक आहे" असं आपण लिहितो तेव्हा बसण्यापासून पायापर्यंतचा तोच प्रवास मराठीनेही केलेला असतो. शिस्त बसवतो, घडी बसवतो, जम बसतो, नाटकसुद्धा बसवतो. संस्कृतात 'सद्' धातूचा अर्थ बसणे. संसद आणि परिषद त्याच्यावरून आलेल्या. म्हणजे कायदे करणारी संसद आणि खुद्द कायदा, दोघांच्याही मुळाशी बसणंच आहे, फक्त धातू दोन वेगळ्या भाषाकुळांतले. मला हे फार आवडतं. पण या आवडीत एक धोका आहे. अशा योगायोगातून लोक नाती जुळवतात आणि 'कायदा' शब्द 'काया'पासून आला, कायेला जो बंधन घालतो तो कायदा, असं ठोकून देतात. हे मी व्यासपीठावरून ऐकलं आहे, टाळ्याही पडल्या होत्या. त्यात तथ्य काही नाही. 'काया' संस्कृत, 'क़ायदा' अरबी, आणि 'दा' हा काही 'देणारा' नव्हे. तो सांगाड्यातल्या दालचाच आहे.

बसण्याच्या या धातूचा एक नातेवाईक मराठी कागदांत दोन-तीन शतकं मुक्काम करून गेला आहे. मोडी पत्रांवर 'छ' लिहून चंद्राची तारीख आणि पुढे मुसलमानी महिना घालत, त्यातला एक महिना 'जिल्काद'. मूळ 'ज़ुल-क़अदा', म्हणजे बसण्याचा महिना. चार महिन्यांत लढाई वर्ज्य होती, हा त्यांतला एक. लोक शस्त्रं ठेवून घरी बसत म्हणून हे नाव, असा परंपरेचा खुलासा आहे. पेशवे दफ्तरातलं पत्र वाचताना 'जिल्काद' दिसला की मला हमखास 'कायदा' आठवतो.

आता उच्चार. अरबीतलं ऐन हे व्यंजन घशातून खोल काढावं लागतं. फारसीने ते सौम्य केलं आणि आपल्याकडे पोचेपर्यंत ते नाहीसंच झालं. अदालत, अमल, इल्म या सगळ्यांच्या तोंडाशी मुळात ऐन आहे. आपण साधा स्वर म्हणतो. 'क़ाइदा'मधलं ऐन गळल्यावर 'आ' आणि 'इ' शेजारी आले, मध्ये 'य' शिरला आणि 'क़ायदा' झाला. फ़ायदा आणि क़ायम या शब्दांचंही तसंच झालं, फक्त त्यांच्यात ऐनाऐवजी हमज़ा, म्हणजे घशातला हलका अटकाव होता. म्हणून हिंदीत क़ायदा-फ़ायदा असं यमक जुळतं. अरबी कानाला ते तितकं जुळलेलं वाटणार नाही. लिंगही बदललं. अरबीत शब्द स्त्रीलिंगी. हिंदी आणि मराठी या दोघींनी शेवटचा 'आ' पाहिला आणि घोडा, वाडा यांच्या पंगतीत नेऊन बसवला.

हे ऐन गळणं लक्षात ठेवलं तर 'क़ायदे-आज़म'चा गुंता सुटतो. तिथला शब्द 'क़ाइद', म्हणजे नेता. त्याचा सांगाडा क़ाफ़, वाव, दाल. अर्थ पुढे राहून नेणे. नेतृत्वाला उर्दूत 'क़ियादत' म्हणतात ते त्याच्यावरूनच. त्या शब्दात ऐन कधीच नव्हतं, हमज़ा आहे. उर्दू लिपीत दोन्ही शब्द वेगळे दिसतात, देवनागरीत मात्र जुळे भाऊ होऊन बसतात. 'क़ायदे-आज़म'चा अर्थ 'थोर नेता'. 'थोर कायदा' किंवा 'कायद्याचा थोर जाणकार' असं भाषांतर मी छापील पाहिलं आहे. ज्या महंमद अली जिनांना ती पदवी मिळाली ते बॅरिस्टर होते, त्यामुळे चूक आणखी पटण्याजोगी होते. 'अल-क़ायदा' मात्र आपल्याच शब्दाचं मूळ अरबी रूप आहे आणि तिथे अर्थही सर्वांत जुना आहे: पाया, तळ. नियमाशी संबंध नाही.

तिसरा शब्द 'क़ैद'. कायदा मोडला की कैद होते, म्हणून ही जोडी एकाच घरातली वाटते. क़ैदचा सांगाडा क़ाफ़, ये, दाल आहे. मूळ अर्थ पायातली बेडी. पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखं, मधलं एकेक वेगळं: ऐन, वाव, ये. बसणं, नेणं, बांधणं. नवीन भाषांतरकारांना मी हे तिन्ही एका कागदावर उर्दू लिपीत लिहून दाखवत असे. एकदा पाहिलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

आता हिंदीतला अर्थ, कारण ताईंचं काम तिथेच अडलं आहे. हिंदीत 'क़ायदा' म्हणजे प्रामुख्याने रीत, शिस्त, वागण्याची ठरलेली पद्धत. सरकारने केलेला कायदा म्हणजे हिंदीत 'क़ानून'. बोलताना 'क़ायदा-क़ानून' अशी जोडी येते, तिथे अर्थ थोडे मिसळतात. एकटा 'क़ायदा' आला तर विधानसभेत संमत झालेली गोष्ट शंभरात क्वचितच अभिप्रेत असते. 'क़ायदे का आदमी' म्हणजे कायदा जाणणारा नव्हे. तो नीट बोलणारा, वागणुकीचा, भला माणूस. 'क़ायदे की बात' म्हणजे शहाणपणाची, मुद्द्याची गोष्ट. 'क़ायदे से बैठो' हे पोराला सांगतात, आपण 'नीट बस' म्हणतो तसं. कानपूर-लखनौकडे 'क़ायदे से' याला आणखी एक रंग आहे: "उसे क़ायदे से समझा दिया" याचा अर्थ चांगलाच समजावला, म्हणजे दम भरला. "क़ायदे से धोया" म्हणजे यथास्थित चोपला, आणि अशा धुण्यात कायदेशीर काही नसतं.

सगळ्यात घातक प्रयोग वाक्याच्या सुरुवातीला येतो. "क़ायदे से तो पैसा मार्च में मिल जाना चाहिए था." खरं म्हणजे, रीतीप्रमाणे पाहिलं तर पैसे मार्चमध्ये मिळायला हवे होते, एवढाच त्याचा अर्थ. एका ठेकेदाराच्या तक्रारीत मी याचं "कायद्यानुसार रक्कम मार्चमध्ये देय होती" असं भाषांतर केलं. समोरच्या वकिलांनी विचारलं, कोणत्या कायद्यानुसार, कोणतं कलम? ठेकेदार बिचारा गोंधळला, तो असं म्हणालाच नव्हता. त्याची साधी कुरकुर माझ्या एका शब्दाने कायदेशीर हक्काचा दावा होऊन बसली. वरिष्ठांनी मूळ कागद मागवला, दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते अजून लक्षात आहे.

'बाक़ायदा' हा दुसरा सापळा. फारसी 'बा' म्हणजे सह. बाक़ायदा म्हणजे रीतसर. पण आजच्या हिंदीत तो नुसता जोर देण्यासाठीही येतो: "उसने बाक़ायदा चिट्ठी लिखकर मना किया" म्हणजे त्याने चक्क पत्र लिहून नकार दिला. माझ्यासोबतच्या एकाने जबाबातलं "साहब ने बाक़ायदा गाली दी" हे "साहेबांनी कायदेशीर शिवी दिली" असं उतरवलं होतं. आम्ही आठवडाभर हसलो. नंतर मीच 'बेक़ायदा' या शब्दावर पडलो, तेव्हा हसू थांबलं. हिंदीत 'बेक़ायदा' म्हणजे अव्यवस्थित, अनियमित, रीत सोडून केलेलं. मराठीत 'बेकायदा' म्हणजे सरळ गुन्ह्याच्या हद्दीत. 'बेक़ायदा भर्ती' म्हटल्यावर अनियमित भरती की बेकायदा भरती, यावर एखाद्याची नोकरी जाऊ शकते. आपल्या 'बेकायदा बांधकामा'ला हिंदी वर्तमानपत्र 'अवैध निर्माण' म्हणतं. 'कायदेशीर' हा शब्द तर हिंदीत नाहीच. फायदेशीर, पद्धतशीर यांच्या चालीवर तो मराठीने स्वतः घडवला आहे. हिंदी माणूस त्या जागी 'क़ानूनी' किंवा 'वैध' म्हणेल.

मग मराठीत हा शब्द इतका जड कसा झाला? आपल्याकडेही 'कायदा'चा जुना अर्थ ठराव, रिवाज, शिरस्ता असाच होता. सरकारी कायद्याचं वजन त्याला नंतर आलं. यात मराठी एकटी नाही. गुजरातीत 'कायदो' म्हणजे सरकारी कायदाच. कन्नडमध्येही माहिती अधिकार कायद्याला 'माहिती हक्कु कायिदे' म्हणतात. बेळगावकडच्या वाचकांना हे सांगायला नको. बंगालीत मात्र शब्द भलतीकडेच गेला: 'कायदा करे' म्हणजे युक्तीने, शिताफीने, आणि 'आदब-कायदा' म्हणजे शिष्टाचार. इंडोनेशियात 'काइदा' म्हणजे नियम किंवा प्रमाण, तुर्कीत 'काइदे' म्हणजे पुतळ्याचा चौथराही आणि नियमही. पाया, रीत, युक्ती, कलम. एकच अरबी शब्द, प्रत्येकाने आपल्या सोयीचं टोक धरलं.

मराठीने धरलेलं टोक किती पक्कं आहे ते पाहायला राज्यघटना उघडावी. अनुच्छेद १४ हिंदीत 'विधि के समक्ष समता' देतं, मराठीत 'कायद्यापुढे समानता'. मूळ इंग्रजी एकच. हिंदीच्या शब्दसंपदेसाठी अनुच्छेद ३५१ ने मुख्यतः संस्कृतकडे बोट दाखवलं आहे आणि घटनेच्या हिंदी पाठाने 'क़ानून' बाजूला ठेवून 'विधि' घेतला. मराठी पाठाने शेतकऱ्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द ठेवला. माझं मत विचाराल तर इथे मराठीचं गणित बरोबर आहे. 'विधी' म्हटल्यावर आपल्याला आधी लग्न आणि श्राद्ध आठवतं. सरकारी पाटीवर 'विधी व न्याय विभाग' असतो खरा, पण त्या पाटीखालून जाणारा माणूस "कायदा खातं" म्हणूनच विचारत येतो.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळीही हीच फाळणी दिसते. हिंदीत 'सविनय अवज्ञा', मराठीत 'सविनय कायदेभंग'. हिंदीत 'नमक क़ानून' तोडला गेला, इकडे मिठाचा कायदा. शिरोडा, वडाळा इथल्या आठवणी सांगणारी जुनी माणसं 'कायदेभंग' हा शब्द अशा सहजतेने बोलत की तो अरबी आणि संस्कृत तुकड्यांचा जोड आहे हे ध्यानातही येत नसे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा गावोगाव 'कूळकायदा' झाला. कायदेमंडळ, कायदेपंडित, ही सगळी वंशावळ आपली. हिंदीत यांपैकी एकही शब्द चालत नाही.

'क़ानून'बद्दलही थोडं सांगतो, कारण जोडीदाराशिवाय क़ायदा कळत नाही. क़ानून अरबीत आला तो ग्रीकमधून. ग्रीक 'कानोन' म्हणजे सरळ काठी, सुताराची मापाची पट्टी. त्याच्याही मागे सेमिटिक भाषांतला 'बोरू, वेत' असा शब्द आहे, म्हणजे शब्द पूर्वेकडून ग्रीसला गेला आणि अरबांकडे परत आला. इब्न सीनाच्या वैद्यकावरच्या ग्रंथाच्या नावात तोच आहे, आणि पश्चिम आशियातल्या अनेक तारांच्या एका वाद्याचंही तेच नाव. मुघल परगण्यात 'क़ानूनगो' असे, रिवाज आणि दर सांगणारा. दख्खनमध्ये साधारण तेच काम देशपांडे करत. उत्तर प्रदेशात लेखपालाच्या वरचा अधिकारी आजही बोलीत क़ानूनगोच आहे, आणि हिंदी कादंबरीत तो भेटला तर त्याला 'कायदेतज्ज्ञ' करू नका. आपल्या मंडळ अधिकाऱ्याच्या जवळचा माणूस आहे तो. आपल्याकडे 'कानू' जुन्या कागदांत राहिला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांची कामं ठरवणाऱ्या कागदाला 'कानुजाबता' म्हणतात. त्यातल्या 'जाबता'चं मूळ 'ज़ब्त', म्हणजे ताब्यात धरणे. आपली जप्ती त्याच मुळाची.

'उसूल'चं एक वाक्य. तो 'असल'चं अनेकवचन आहे, अर्थ मुळं, तत्त्वं. आपल्या 'वसूल'शी त्याचा काही संबंध नाही, वसूल म्हणजे पोचलेलं. 'दस्तूर' तर मराठीत हस्ताक्षर आणि दस्तुरखुद्द होऊन बसला आहे, हिंदीत तो रिवाज आहे. संपादकांनी सुचवलेला 'नियम' संस्कृत, 'यम्' म्हणजे आवरून धरणे या धातूचा. पतंजलीचे यम-नियम, संयम, यंत्र, सगळे त्यातले. मराठीत तो झिजून 'नेम' झाला: सोमवारचा नेम, नेमाने केलेली पूजा, आणि पुढे नेमका, नेमणूक. 'नियम' हा शब्द पाहिला की त्यात लगाम दिसतो. 'क़ायदा'त जोतं दिसतं. हा फरक भाषांतरात नेहमी उतरवता येत नाही, पण डोक्यात असला तर शब्द निवडताना हात योग्य बाजूला जातो.

आता अनेकवचन. 'क़वाइद' हे क़ायदाचं अरबी अनेकवचन, म्हणजे नियमांचा संच. उर्दूत व्याकरणाला क़वाइद म्हणतात. सैन्यात नियमाने करायच्या हालचालींनाही तेच नाव पडलं आणि मराठीत त्याची 'कवायत' झाली. शाळेच्या मैदानावर हात वर, हात खाली करणाऱ्या पोरांना कुणी सांगितलं तर पटणार नाही, पण ती 'कायदे' करत असतात. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइन या साव्हॉयच्या सेनानीला चाकरीत घेतलं आणि त्याने युरोपीय धर्तीवर पलटणी तयार केल्या. त्या 'कवायती फौजे'चं नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे. हिंदीत मात्र 'क़वायद' मैदानाबाहेर पडली आहे. तिथलं वर्तमानपत्र "सरकार बनाने की क़वायद तेज़" असं छापतं. म्हणजे सरकार स्थापनेच्या हालचालींना वेग. मराठी वृत्तसंस्थेच्या प्रतीत याचं "सरकार स्थापनेची कवायत जोरात" झालेलं मी पाहिलं आहे. आमदार ओळीत उभे राहून टाळ्या वाजवतायत असं चित्र डोळ्यांपुढे आलं. कधीकधी ते फार चूकही नसतं म्हणा.

दोन ठिकाणी मराठीतही 'कायदा' अजून आपल्या जुन्या अर्थाने जगतो आहे. पहिलं, अरबी-उर्दू शिकणाऱ्या मुलांची पहिली पोथी. मालेगाव, भिवंडी, कोकणातल्या मोहल्ल्यांत मूल आधी 'क़ायदा' वाचतं. बग़दादी क़ायदा, नूरानी क़ायदा ही त्यांची नावं. अक्षरओळख म्हणजे पाया, म्हणून क़ायदा. हिंदी कथेत "बच्चा अभी क़ायदा पढ़ रहा है" असं आलं तर मूल विधी महाविद्यालयात नाही, अंकलिपीवर आहे.

दुसरं ठिकाण तबला. दिल्ली घराण्याचा तो प्रसिद्ध कायदा तबल्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोटलेला असतो: धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. पहिल्या निम्म्यात भरी, म्हणजे डग्ग्याचा घुमता नाद; दुसऱ्या निम्म्याच्या सुरुवातीला 'धा'च्या जागी 'ता' येऊन खाली, म्हणजे तो नाद थांबतो; आणि शेवटी भरी परत. मग त्याचे पलटे, म्हणजे फिरवून केलेले प्रकार करायचे. अट एकच: मूळ कायद्यात जे बोल आहेत तेवढेच वापरायचे, त्यांचा क्रम फिरवायचा, खाली-भरीची चौकट सांभाळायची, बाहेरचा बोल आणायचा नाही. शेवटी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं. तिरकिट मूळ कायद्यात नसेल आणि वाजवण्याच्या ओघात घुसलं तर गुरुजी हात थांबवतात. माझा धाकटा भाऊ तबला शिकत होता, तेव्हा मी शेजारच्या खोलीत बसून कोश चाळत असे. 'क़ाइदा म्हणजे पाया' हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो सोळा मात्रांवर तासभर पलटे रचत गेला तेव्हा ते कानांनी कळलं. तिथला कायदा पाया आहे आणि नियमही आहे, दोन्ही एकाच वेळी, आणि तो मोडला तर शिक्षा एवढीच की पुन्हा पहिल्यापासून वाजव.

आता ताईंच्या सासूबाईंकडे येतो. "हमारे यहाँ का क़ायदा है" याचं "आमच्या घरचा कायदा आहे" केलं तर मराठी वाचकाला ती बाई हुकूमशहा वाटते. मूळ वाक्यात तेवढा धाक नाही. संपादकांचा 'नियम' त्याहून बरा, पण तो शाळेच्या भिंतीवरच्या फलकासारखा वाजतो. एखाद्या घराने नियम केला असं म्हटलं की कुणीतरी, कधीतरी, ठरवून केला असा भाव येतो. क़ायदा असा कुणी केलेला नसतो, तो आधीपासून तिथे बसलेला असतो. मी लिहीन, "आमच्याकडे पद्धत आहे, सून आधी मोठ्यांना वाढते." बाई गावाकडची, सत्तरीची असेल तर 'पद्धत'ऐवजी 'रीत': "आमच्यात रीत आहे बाई, आधी मोठ्यांची पानं." हिंदीतला 'बड़ों को परोसती है' हा व्यवहार मराठी घरात 'पानं घेणं' या शब्दांनी होतो, त्यामुळे तेही बदलायला हरकत नाही.

एक अपवाद ठेवा. पुढच्या प्रकरणांत ही सासू खाष्ट निघणार असेल आणि लेखिकेने पहिल्या वाक्यापासून तिची जरब पेरली असेल, तर तुमचा पहिला शब्द परत आणता येईल, फक्त वाक्य मराठी वळणाने फिरवा: "या घरात कायदा माझा चालतो." पण मग मूळ हिंदीत कुठेतरी 'क़ायदा'च्या जागी 'हुक्म' आलेला सापडतो का, ते आधी तपासा. सापडला तर कायदा तिथे वापरा, इथे रीतच राहू द्या.